निम्म्या किमतीचा विमा

इजिप्तमधल्या आमच्या दुम्यात शहरात कुणालाही त्याच्या मालाची खरी किंमत विचारू नये. विचारलीत तर उत्तर ठरलेलं आहे, "अल्लाने झाकून ठेवलंय, पोटापुरतं आहे." ज्याच्या वखारीत छताला टेकतील इतके पलंग आणि कपाटं रचलेली आहेत तोही हेच म्हणतो, आणि ज्याच्याकडे एक रंधा नि दोन करवती आहेत तोही. माझी आई तर कोंबडीने किती अंडी घातली हेसुद्धा शेजारणीला सांगत नसे. अशा गावात लुत्फी बदरान या माणसाने विम्याची दलाली करायचं ठरवलं. म्हणजे ज्या धंद्यात पहिलाच प्रश्न "माल कितीचा आहे?" हा असतो, नेमका तोच धंदा त्याने निवडला. शहाणपणाचा दुष्काळ, दुसरं काय!

मी नेमत. पॉलिशवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं लुत्फीचं ऑफिस आहे, तिथे वीसेक वर्षं मी फोन घेते, कागद तयार करते, आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या लुत्फीपर्यंत पोचायच्या आत निम्म्या गिळते. तोंडावर मी त्याला उस्ताद म्हणते. पाठीमागे नुसतं लुत्फी. हे सगळं त्याच्या पाठीमागेच लिहिते आहे.

हा माणूस जगतो कशावर, ते आधी सांगते, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. गिऱ्हाईक दलालाला एक गिनीसुद्धा देत नाही. ते विम्याचा हप्ता भरतं आणि कंपनी त्यातला ठरलेला हिस्सा दलालाला देते. काम मात्र सगळं गिऱ्हाइकाचं. कुठली कंपनी सरळ आहे, कुठली पैसे द्यायची वेळ आली की आजारी पडते, कुठल्या अटीत काय दडवलंय, हे शोधायचं. कारखान्यात जाऊन विजेच्या तारा बघायच्या, वाळूच्या बादल्या भरून ठेवायला लावायच्या. आणि आग लागलीच तर कंपनीशी महिनोन् महिने भांडायचं, तेही फुकट, कारण त्या भांडणाचा वेगळा मेहनताना नसतो. त्यामुळे कंपनीवाले त्याला म्हणतात, "तुम्ही तर गिऱ्हाइकांचे वकील." आणि गिऱ्हाइकं म्हणतात, "हा कंपनीचा माणूस." दोन्हीकडून शिव्या खायच्या आणि वर चहा पाजायचा.

त्यात आणखी एक गोम आहे. हप्ता वाढला की दलालाचा हिस्साही वाढतो. म्हणजे लुत्फीने कुणाला पोटतिडकीने सांगितलं की बाबा, तुझा विमा अपुरा आहे, वाढव, तर समोरचा डोळा बारीक करून विचारणार, "आणि त्यात तुला किती सुटतात?" याला उत्तर नाही. कारण सुटतातच. खरं बोलण्याचे पैसे मिळत असतील तर खरं बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

आमच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात मोठा हाज मुतवल्ली. नवरीच्या शयनगृहाचं फर्निचर करावं तर त्यानेच. रुमानियाचं लाकूड, सोनेरी नक्षी, आरशाला कोरलेली गुलाबाची फुलं. तीसेक सुतार त्याच्या जिवावर जेवायचे. मनाने दिलदार माणूस, दर ईदला आमच्या ऑफिसात कांदा भरलेलं बदक पाठवायचा. पण दारावर निळा मणी, उंबऱ्याखाली तुरटी, आणि जिभेवर सदा "पोटापुरतं आहे." त्याच्या वखारीत सीझनच्या तोंडावर कोटी गिनीचा माल असायचा. विमा पन्नास लाखांचा.

लुत्फीने त्याला एकदा ऑफिसात बसवून समजावलं. मशब्बकचं, म्हणजे आमच्याकडच्या जिलबीचं, भलंमोठं वेटोळं मागवलं, मधोमध मोडलं.

"हाज, हा तुमचा सगळा माल. कोटीचा. तुम्ही मात्र एवढ्या अर्ध्याच मालाचा हप्ता भरताय."

"बरं."

"उद्या, अल्ला न करो, चाळीस लाखांचा माल जळाला. तुम्हाला वाटेल, विमा पन्नासाचा आहे, चाळीस मिळतील. नाही मिळत. कंपनी म्हणते, निम्म्याच मालाचा हप्ता भरलात, मग नुकसानही निम्मंच देणार. वीस मिळतील, हाज. फक्त वीस."

हाज मुतवल्लीने ऐकता ऐकता आधी विम्याचा अर्धा तुकडा खाल्ला, मग बिनविम्याचा. बोटं चाटत म्हणाला, "गोड आहे. पण आज पाक जरा कमी पडलाय." आणि गेला.

लुत्फी रिकाम्या ताटलीकडे बघत बसला. "उदाहरणच खाऊन टाकलं, नेमत."

"पुढच्या वेळी साबणाचं उदाहरण घ्या, उस्ताद," मी म्हटलं.

पुढची वेळ आली ती रमजानच्या आधी. ईदनंतर लग्नांची झुंबड असते, म्हणून पुऱ्या गावाच्या वखारी तेव्हा गच्च भरतात. लुत्फी हाजच्या वखारीत तारा बघायला गेला, सोबत मी. पुढच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर पलंग, कपाटाला कपाट, प्रत्येकावर मुलीच्या नावाची चिठ्ठी. दोन-तीन मुलींच्या आया आपापल्या कपाटांचे दरवाजे उघडून बघत होत्या. सुतार काम थांबवून चहा पीत होते. लुत्फीने ते सगळं पाहिलं आणि इतक्या वर्षांचा त्याचा राग एकदम उसळला.

"हाज, हा कोटीचा माल आहे हो! कोटीच्याही वर! आणि तुम्ही पन्नास सांगून बसलात!"

एका बाईने कपाटाचं दार हळूच लावून घेतलं.

"माशाल्ला म्हण!" हाज ओरडला. "आधी माशाल्ला म्हण, माणसा, दृष्ट लागेल!"

"माशाल्ला. आता विमा वाढवा."

"आकडा आधी आणि माशाल्ला मागून! बापाने हेच शिकवलं का तुला?"

"बापाने मला बेरीज शिकवली, हाज. पाया पडतो, विमा वाढवा."

"वाढवतो की. तुझा हिस्सा कितीने वाढेल, ते सांग आधी."

तेव्हा लुत्फीने आपल्या दृष्टीने हुकमी पान टाकलं. म्हणाला, "वाढलेल्या रकमेवर जे काही मला सुटेल, ते सगळं तुमच्या मोहल्ल्याच्या मशिदीला. या सगळ्यांसमोर सांगतो. एक गिनी घरी नेणार नाही."

मला वाटलं, आता तरी म्हातारा विरघळेल. कसला विरघळतोय! त्याने सुतारांकडे पाहिलं, आयांकडे पाहिलं, मग लुत्फीला आपादमस्तक न्याहाळलं.

"जो व्यापारी नफा सोडतो ना लुत्फी, त्याचा खरा नफा दुसरीकडे असतो. मी लहानपणापासून बाजारात आहे. आता तर मी मुळीच वाढवणार नाही."

सुतार हसले. लुत्फी ताठ मानेने बाहेर पडला, पण जिना चढून ऑफिसात आल्यावर त्याने टेबलावर मूठ अशी आपटली की खालून पॉलिशवाल्याने काठीने छत ठोकलं. हिस्सा घ्यावा तर लोभी, सोडावा तर चोर. या गावात प्रामाणिक माणसाला उभं राहायला वीतभर जागा नाही, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

आग रमजानमध्येच लागली. हाजच्या वखारीमागे, पॉलिशच्या खोलीत कुणीतरी हात शेकायला विजेची शेगडी लावली आणि नमाजाला गेला. नशीब, माणसं सगळी बाहेर होती. मागची कार्यशाळा आणि तिला लागून असलेली हाजची स्वतःची वखार गेली. पुढचं दालन मात्र गल्लीने वाचवलं. पोरं-बाप्ये, न्हावी, खाटीक, सगळे धावले आणि पलंग-कपाटं ओढून ओढून रस्त्यात आणली. आम्ही पोचलो तेव्हा गल्लीभर सोनेरी पलंग मांडलेले होते, आणि काजळीने काळवंडलेली माणसं त्यांवर बसून उपवास सोडायच्या बांगेची वाट बघत होती.

लुत्फीने तिथूनच कंपनीला फोन लावला. कंपनीने दुसऱ्याच दिवशी सर्व्हेअर पाठवला. कैरोहून आलेला इंजिनीअर रऊफ, नाक सतत वाहत होतं, पण माणूस सरळ होता. लुत्फीने हाजला बाजूला घेऊन कळकळीने सांगितलं, "हाज, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. पण विचारतील तेवढंच सांगा, शांतपणे. बाकी मी बघतो."

शांतपणे! इंजिनीअर रऊफने राखेकडे बोट दाखवून नुसतं विचारलं, "इथे काय होतं?" आणि जन्मभर ज्या माणसाने तोंडातून आकडा काढला नव्हता, त्याचा बांध फुटला.

"कोटीचा माल होता माझा, साहेब! कोटीचा! हवं तर एकेक खुर्ची मोजून दाखवतो! पन्नास काय घेऊन बसलात, कोटी!"

त्याला वाटलं, जितकं जास्त सांगू तितकं जास्त मिळेल. इंजिनीअर रऊफने नाक पुसलं आणि आकडा टिपून घेतला. लुत्फीने डोळे मिटले. जेव्हा खरं सांगायचं होतं तेव्हा झाकलं, आणि जेव्हा गप्प बसायचं होतं तेव्हा छाती पिटून खरं सांगितलं. माझ्या हातात असतं तर मी म्हाताऱ्याच्या तोंडात अख्खं मशब्बक कोंबलं असतं.

हिशेब मग लुत्फीने सांगितला होता तसाच झाला. चाळीस लाखांचं नुकसान, कंपनी वीस देणार. हाज ऑफिसात आला तो धापा टाकतच. लुत्फी उठून उभा राहिला. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तो एका वाक्याची वाट बघत होता. 'तू सांगत होतास ते खरं होतं, लुत्फी.' बस, एवढंच. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकायला मिळालं असतं तर तो पुढची वीस वर्षं फुकट राबला असता.

हाज म्हणाला, "तुझी नजर लागली."

"काय?"

"त्या दिवशी भर दालनात तू आकडा बोललास. माशाल्ला न म्हणता. तुझ्या तोंडातून कोटी निघालं आणि महिन्याच्या आत माझी वखार जळली. माझ्या बापाच्या वेळेपासून त्या जागेत साधी ठिणगी पडली नव्हती."

"हाज, शेगडी होती! शेगडीने आग लागली!"

"शेगडी कोणी लावायला लावली? नजरेनेच ना!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी मध्ये पडले. "त्यांचं ऐकलं असतंत तर आज चाळीसच्या चाळीस मिळाले असते!"

"तू गप्प बस, नेमत. तू त्याचा पगार खातेस." आणि खरंच की, मी खातेच.

वाटलं होतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, निवळेल. पण गावात ती गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. कारण गोष्ट पटण्यासारखी होती ना! लुत्फी गावभर फिरतो, प्रत्येकाच्या वखारीत जातो, माल निरखून बघतो आणि किंमत सांगतो. दृष्ट लावणारा माणूस याहून वेगळं काय करतो? गिऱ्हाइकं फोनवरून म्हणू लागली, "उस्तादांना येण्याचे कष्ट कशाला? मीच सांगतो तुम्हाला आकडा." आकडा अर्थातच निम्मा. दोघे-तिघे तर दुसऱ्या दलालाकडे गेले. एका खुर्चीवाल्याने लुत्फी गल्लीत शिरताना पाहून शटर खाली ओढलं, आणि आतून तुरटीचा धूर येऊ लागला. त्या महिन्यात माझा पगार दोन तुकड्यांत मिळाला. रस्त्याने चालताना लुत्फीने दुकानांकडे बघणं सोडलं.

मी म्हटलं, "उस्ताद, त्या हाजचं आता सोडा. वीस घेऊ दे, चुलीत जाऊ दे."

"माझं गिऱ्हाईक आहे तो, नेमत."

"तो तुम्हाला चेटक्या म्हणतो!"

"म्हणू दे. पण वीस कमी आहेत."

आणि खरंच त्याने वाट काढली. पुढच्या दालनातला जो माल वाचला होता, त्यातला साधारण पस्तीस लाखांचा माल मुलींच्या आईबापांनी पूर्ण पैसे देऊन घेतलेला होता. ईदपर्यंत नुसता ठेवला होता. म्हणजे तो हाजचा नव्हताच. मग तो हाजच्या मालात धरायचा कशाला? तो वगळला की हाजचा माल उरतो पासष्टचा, आणि पासष्टला पन्नास हे प्रमाण काही निम्मं नाही. विसाचे तीस होत होते. फक्त, पैसे पुरते दिलेत असं त्या लोकांनी इंजिनीअर रऊफला सांगायला हवं होतं.

दारोदार कोण फिरलं? मी फिरले. कारण लुत्फीला कुणी घरात घेईना. इन्साफ नावाची एक बाई, तिच्या मुलीचं कपाट सगळ्यांत मोठं. तिने मला चहा दिला, मशब्बक दिलं, आणि म्हणाली, "येते की मी. हाजची वखार उभी राहत असेल तर का नाही येणार? पैसे दिलेत म्हणून शपथेवर सांगते. पण तो लुत्फी तिथे नसावा."

"त्यांच्याच सांगण्यावरून तर मी आले, ताई!"

"असेल. माणूस चांगला आहे, मी कुठे नाही म्हणते? नजर काय, चांगल्या माणसाचीसुद्धा असते. लग्न आहे गं घरात."

आया आल्या. सगळ्या आल्या. इंजिनीअर रऊफ शिंकत शिंकत एकेकीचं लिहून घेत होता, आणि ज्याने हे सगळं जुळवून आणलं तो समोरच्या चहाच्या टपरीवर पाठमोरा बसला होता. कंपनीने खळखळ केली, मग मान्य केलं. वर लुत्फीला ऐकवलं की तुमची गिऱ्हाइकं आम्हाला महाग पडतात. तीस लाख हाजच्या खात्यात जमा झाले आणि त्याच आठवड्यात जळक्या जागेवर नवे खांब उभे राहायला लागले. सुतार परत आले. लुत्फीला या कामाचं काय मिळालं? शून्य. आणि हाजचं म्हणणं गल्लीत ऐकू आलं ते असं : "आधी वीस म्हणत होता, मग तीस कुठून आले? म्हणजे चाळीस होतेच. वरचे दहा कुठे गेले, ते लुत्फीला विचारा." हे ऐकून मी रात्रभर चरफडत होते.

वर्ष गेलं. पुन्हा रमजान तोंडावर आला, आणि एके सकाळी फोन वाजला. हाज मुतवल्ली.

"नेमत, तुझ्या उस्तादला घेऊन ये. नवी पॉलिसी काढायची आहे."

मी लुत्फीला सांगितलं. तो उठला, आरशात बघून केस नीट केले, कोट घातला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला कुणी बोलावलं होतं. जाताना त्याने मशब्बकही बांधून घेतलं. ते बघून मला भडभडून आलं आणि रागही आला.

नवी वखार जुनीहून मोठी होती. दार सताड उघडं, आत नवं पॉलिश चमकत होतं. आम्ही उंबऱ्याशी पोचलो तसा हाज आतून ओरडला, "तिथेच! आत पाऊल टाकू नकोस!"

लुत्फी थांबला.

"आता मागे वळ. तोंड रस्त्याकडे कर. हां, असं. नेमत, तू आत आलीस तरी चालेल."

मी गेले नाही. लुत्फी वखारीकडे पाठ करून, हातात मशब्बकचा पुडा धरून रस्त्यात उभा राहिला. समोरचा न्हावी दाढी करायचा थांबून बघत होता.

"लिही," हाज आतून म्हणाला. "एक कोटी दहा लाख."

लुत्फीची मान जराशी वळली, मग पुन्हा रस्त्याकडे झाली. "खरा आकडा, हाज?"

"खरा. वरखाली एक गिनी नाही. पूर्ण विमा हवाय मला."

"बावीस वर्षं मी हेच सांगत होतो, हाज." तो रस्त्याकडे तोंड करूनच म्हणाला. "पटलं म्हणायचं शेवटी?"

"पटलं तर! तुझी नजर इतकी जबरदस्त आहे हे मला आधी कुठे ठाऊक होतं? गावात असा माणूस हिंडत असताना निम्मा विमा काढून झोपायचं म्हणजे वेडेपणा." हाज अगदी प्रेमाने बोलत होता. "गल्लीतले सगळे पूर्ण विमा काढणार आहेत, मी बोललोय त्यांच्याशी. तुझा हिस्साही दुप्पट होईल. मशिदीला देऊ नकोस हो, घरी ने. फक्त आमच्याकडे येत जाऊ नकोस."

मी लुत्फीकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा पुडा भिरकावेल, वळेल, आत घुसून प्रत्येक पलंगाची किंमत ओरडून सांगेल. मी वाट बघत होते. मीही त्याच्यामागून आत घुसले असते.

त्याने पुडा मला धरायला दिला, खिशातून पेन काढलं आणि कागद गुडघ्यावर ठेवला. नजर जमिनीवरच होती.

"माशाल्ला," तो हळूच म्हणाला, आणि मग त्याने आकडा लिहिला.